गोल्फ कोर्सचे चित्र निसर्गचित्रांतच धरा

महोदय,

गोल्फ कोर्सचे चित्र प्रदर्शनासाठी आले की अनेकदा ते निसर्गचित्रांत न धरता ‘सजावटीचे’ किंवा ‘खेळाचे’ म्हणून बाजूला काढले जाते. दिवाणखान्यातली हिरवी शोभा, एवढीच त्याची किंमत होते. हा अन्याय आहे. चार्ल्स लीस यांनी १८४७ मध्ये रंगवलेला स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या मैदानावरचा सामना एडिंबराच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात आहे. सर जॉन लॅव्हरी यांचे १९२२ चे नॉर्थ बेरिकच्या मैदानाचे चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. विषयाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न केव्हाच मिटला आहे. परीक्षकांनी पाहायचे ते इतकेच, की चित्रातली जमीन खरी वाटते का. ते कसे ओळखायचे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आपल्याकडे निसर्गचित्राचा हात वाई-नाशिकच्या घाटांवर आणि कोल्हापूरच्या रंकाळ्यावर तयार होतो. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहमान यांच्यापासूनची ही वाट आहे. घाटावर पायऱ्या, देऊळ, दीपमाळ, एखादे झाड अशा उभ्या गोष्टी रचना सांभाळून घेतात. सेंट अँड्र्यूजच्या ‘ओल्ड कोर्स’ या गोल्फ मैदानावर तसा आधार जवळजवळ नाहीच. समुद्रालगतची वाळवट जमीन, तिच्यावर आखूड गवत, आणि सगळा खेळ काही फुटांच्या चढउताराचा. घाटावर तयार झालेला हात इथे पहिल्या दिवशी हमखास फसतो. तो जमीन समोर उभी करतो, जणू गच्चीवरून खाली पाहतोय.

बंकरचे, म्हणजे मैदानातल्या वाळूच्या खड्ड्याचे, उदाहरण घ्या. उभ्या माणसाची नजर जमिनीपासून सुमारे साडेपाच फुटांवर असते. साठ यार्डांवर, म्हणजे १८० फुटांवर, सपाटीवरचे १५ फुटी गोल बंकर त्या नजरेला रुंदीच्या जेमतेम तेहेतिसाव्या भागाइतके उघडे दिसते. म्हणजे जवळपास एक रेघच. तरीही बहुतेक चित्रांत तिथे पसरट अंडाकृती काढलेली असते, आणि तेवढ्यानेच सारी जमीन पुढे कलंडते. ओल्ड कोर्सवर शंभराहून अधिक बंकर आहेत आणि त्यांतले कितीतरी टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, दिसतच नाहीत. दिसते ती पलीकडच्या कडेची गडद पट्टी. जवळ गेल्यावर कळते की ती भिंत गवताच्या ढेकळांचे थर एकावर एक रचून केलेली आहे. चौदाव्या होलवरच्या (होल म्हणजे टीपासून झेंड्यापर्यंतचा खेळाचा एक टप्पा) ‘हेल बंकर’ची भिंत सुमारे दहा फूट उंच आहे. तिथे थरांच्या आडव्या रेघा काढाव्यात, पण वरच्या काठाशी त्या विरू द्याव्यात. सगळ्या सारख्या ठसठशीत काढल्या तर विटांचे बांधकाम वाटते.

रंगाची चूक याहून सर्रास होते. ट्यूबमधला सॅप ग्रीन किंवा व्हिरिडियन हा तयार हिरवा रंग तसाच लावला की मैदान प्लॅस्टिकच्या गालिच्यासारखे दिसते. लिंक्सवरचे, म्हणजे अशा समुद्रालगतच्या मैदानावरचे, गवत बारीक पात्याचे असते आणि उन्हाळ्यात वाळक्या काडीच्या रंगावर येते. तीन भाग यलो ऑकर (मातकट पिवळा), एक भाग अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि चिमूटभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एवढ्यावर पुढची जमीन भागते. दूर जाताना ऑकर कमी करून थोडा सेरुलियन (आकाशी निळा) घालावा. जलरंगात आधी सगळ्या जमिनीवर ऑकरचा पातळ वॉश, म्हणजे पाणीदार थर, द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावरच खळग्यांच्या सावल्या घालाव्यात. ओल्यावर घातल्या तर कडा पसरतात आणि खळगा आहे की डाग, ते कळत नाही.

ऊन बाजूने आणि तिरके हवे. डोक्यावरच्या उन्हात हा विषय रंगवूच नये, कारण सावली नाही तर उंचवटाही नाही. आपल्याकडे असे ऊन फार थोडा वेळ टिकते. सेंट अँड्र्यूजला जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे संध्याकाळी चांगले दोन-तीन तास मिळतात. अठराव्या ग्रीनपुढचा (ग्रीन म्हणजे झेंड्याभोवतीची अगदी आखूड कापलेली हिरवळ) ‘व्हॅली ऑफ सिन’ नावाचा खळगा त्या वेळी नीट उमटतो.

ओल्ड कोर्सवरच्या स्विल्कन पुलाचा मोह सगळ्यांनाच होतो. हा दगडी पूल जेमतेम तीस फूट लांब आणि आठ फूट रुंद आहे. चित्रात मात्र तो गावच्या नदीवरच्या पुलाएवढा होऊन बसतो. मागची क्लबहाउसची इमारत प्रत्यक्षात अडीचशे यार्डांहून लांब आहे. टेलिफोटो लेन्सने घेतलेल्या फोटोवरून काम केले तर ती पुलाला चिकटते. पुलाच्या तोंडाशी वर्दळीमुळे गवत टिकत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे दगडी फरशी बसवली होती, टीका झाल्यावर ती काही दिवसांतच काढली. ती झिजलेली माती चित्रात जरूर ठेवावी. जागा खरी वाटते ती तिच्यामुळे.

अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल या गोल्फ मैदानाचे गणित उलटे आहे. तिथे खरोखरच हिरवे आहे, उंच पाइन आहेत, एप्रिलमध्ये अझेलिया फुलतात. पण फेअरवेवर, म्हणजे टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या हिरवळीवर, उजळ-गडद पट्टे काढले की जाणकार तिथेच थांबतो. पट्टे दोन रंगांच्या गवताचे नसतातच. पाते आपल्यापासून दूर झुकले की उजळ दिसते, आपल्याकडे झुकले की गडद. ऑगस्टा नॅशनलवर गवत कापायची सगळी यंत्रे ग्रीनकडून टीकडे एकाच दिशेने चालवतात. त्यामुळे टीवरून पाहताना फेअरवे एकसंध आणि गडद दिसतो, तर ग्रीनवरून मागे वळून पाहिले की तोच उजळतो. हे ज्याने रंगवले त्याने ती जमीन पाहिली, किंवा निदान तिचा अभ्यास केला.

तिथला बारावा होल १५५ यार्डांचा. कॅनव्हास डोळ्यापासून दोन फुटांवर ठेवून दिसेल त्याच मापात काढले तर सात फुटी झेंड्याची काठी नऊ मिलिमीटर भरते आणि सव्वाचार इंची होल, म्हणजे चेंडू पडायचे भोक, अर्धा मिलिमीटर. म्हणून काठी एका ओढीत काढावी आणि होल सोडून द्यावा. बंकरमधली वाळू पांढरीशुभ्र क्वार्ट्झची आहे, तरी कोरा पांढरा रंग फक्त सर्वांत उजळ कडेला ठेवावा. बाकीच्या भागात शेजारच्या गवताचा हिरवट आणि आकाशाचा निळसर उजेड मिसळलेला असतो. चढउतार दाखवायला पाइनच्या सावल्या पुरतात: उतारावर त्या लांबतात, उंचवट्यावर वाकतात. सरळ पट्टीने ओढलेली सावली सगळी टेकडी सपाट करते. दहाव्या होलवर जमीन सुमारे शंभर फूट खाली उतरते, आणि फोटोत हेच हरवते.

फोटोवरून काम करणे हा गुन्हा नव्हे. ऑगस्टा नॅशनलवर मास्टर्स स्पर्धेला येणाऱ्या प्रेक्षकांना कॅमेरा फक्त सरावाच्या दिवशी नेता येतो, तोही वैयक्तिक वापरापुरता, आणि मोबाइलला पूर्ण बंदी आहे. तिथे इझल लावण्याचा प्रश्नच येत नाही. ओल्ड कोर्सवर मात्र मोठी स्पर्धा नसेल तर रविवारी खेळ बंद असतो आणि लोक तिथे फिरायला येतात. जागेवर बसून रंगवायचे असेल तर तो दिवस गाठावा.

प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थांना एकच विनंती. अशा चित्राच्या प्रवेशिकेत होलचा क्रमांक, चित्रकार कुठे उभा होता ती जागा, महिना, वेळ आणि चित्र प्रत्यक्ष जागेवर केले की फोटोवरून, एवढे विचारावे, आणि ते निसर्गचित्रांच्या भिंतीवर, घाटांच्या चित्रांशेजारी लावावे.

– निसर्गचित्रणाचे काही अभ्यासक, पुणे