एकच मोठी हार्डडिस्क घेतली म्हणजे बॅकअप झाला का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्याच्या बातम्या आल्या तेव्हापासून आमच्या सोसायटीत ज्याला त्याला मशीन फॉरमॅट करायचंय, म्हणजे सगळं पुसून नवीन विंडोज टाकायचंय. मला हार्डवेअरचं थोडंफार कळतं म्हणून लोक विचारायला येतात, की डेटा कशात टाकू, कुठली एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून जोडायची हार्डडिस्क, घेऊ. खरं तर बहुतेकांचं आधीच ठरलेलं असतं, मला नुसतं हो म्हणायचं असतं. सगळ्यात मोठी घ्यायची, ४ टीबी नाहीतर ५ टीबी, गेल्या पंधरा वर्षांचे फोटो त्यात ढकलायचे आणि कंप्युटरवरून उडवून टाकायचे, झाला बॅकअप. अहो कसला बॅकअप, आधीही कॉपी एकच होती आणि आताही एकच आहे, फक्त कॅबिनेटमधून बाहेर आली आणि वर पडायच्या बेताला आली.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, ४ टीबीची एक घेण्याऐवजी २ टीबीच्या दोन घ्या. थोडे पैसे जास्त जातील, जाऊ देत. एक घरात ठेवा आणि दुसरी बहिणीकडे, मुलीकडे, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, कुठेही, पण घराबाहेर. पुण्यात तरी हे समजावून सांगायला लागू नये. २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याचं पाणी अरण्येश्वर, सहकारनगर भागात घुसलं ते रात्रीत, २०२४ च्या जुलैत एकतानगरीत नदी आली. तळमजल्यावर सीपीयू टेबलाखाली असतो आणि डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, म्हणजे दोन्ही एकाच पाण्यात.

पूर सोडा, वीज पुरते. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकांची मोठी डिस्क होती, अडॅप्टरवाली, ती कायम चालू. पीसी, मॉनिटर, डिस्क सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट जाते तशी गेली आणि आली ती अशी आली की पीसीची पॉवर सप्लाय आणि डिस्कचं सर्किट दोन्ही गेलं. वॉरंटी होती, डिस्क बदलून मिळालीसुद्धा, पण कोरी! वॉरंटी डिस्कची असते, त्यातल्या नातवाच्या बारशाची नसते. रिकव्हरीवाल्याने जो आकडा सांगितला त्यात दोन डिस्क आरामात आल्या असत्या.

तेव्हा बॅकअपची डिस्क लावा, कॉपी करा, इजेक्ट करा, काढून ठेवा. कायम लावून ठेवली तर व्हायरसलाही आयतीच सापडते, २०१७ च्या वॉनाक्रायसारखा रॅन्समवेअर, म्हणजे फाईली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, आला तर जोडलेली डिस्कसुद्धा तो लॉक करतो. क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जागेवरही विसंबू नका, १ जून २०२१ पासून गुगल फोटोज फुकटात अमर्याद राहिलं नाही, फुकट १५ जीबी आणि तेही ईमेलसकट. शिवाय सिंक चालू असेल तर इकडे डिलीट केलं की तिकडेही डिलीट, त्याला बॅकअप समजू नका.

ज्यांना नुसती जागा कमी पडतेय त्यांनी तर एक्स्टर्नल घ्यायचीच गरज नाही. डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये बहुधा दुसऱ्या साडेतीन इंची डिस्कला जागा असते, साटा केबल लावली की झालं, स्वस्त पडतं. फक्त त्याला बॅकअप म्हणू नका, पॉवर सप्लाय दोघींची एकच.

एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी, आत काही न फिरणारी) का हार्डडिस्क, हा पुढचा प्रश्न हमखास येतो. रोज इकडून तिकडे न्यायची असेल तर एसएसडी, पडली तरी सहसा काही होत नाही आणि स्पीडही चांगला. पण कपाटात ठेवायला मी आत तबकडी फिरणारी साधी हार्डडिस्कच सांगतो, एकतर टीबीमागे स्वस्त, आणि एसएसडी वर्षानुवर्षं विजेशिवाय पडून राहिली तर त्यातला डेटा जायची शक्यता असते, बंद पडायच्या आधी ती फारशी कुरकुरतही नाही. छोटी अडीच इंची डिस्क यूएसबीवरच चालते, तिला अडॅप्टर नको. ती सीपीयूच्या मागच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टला लावा. पुढच्या पोर्टला पुरेशी पॉवर मिळाली नाही तर टिक टिक आवाज येतो आणि लोक म्हणतात डिस्क गेली. जुन्या यूएसबी २ ला ५०० जीबी कॉपी करायला चार तास सहज जातात, निळ्याला सव्वा-दीड. आणि कॉपी चालू असताना डिस्क सीपीयूच्या डोक्यावर ठेवू नका, कोणाचा तरी धक्का लागतोच.

ऑनलाइन १६ टीबीची एसएसडी दोन हजारात दिसते ती घेऊ नका. आत लहानसं मेमरी कार्ड असतं, साईज खोटी दाखवायची सेटिंग केलेली असते, भरत गेलं की फाईलींची नावं दिसत राहतात आणि आत काही नसतं. कळतं ते वर्षाने, फाईल उघडायला गेल्यावर. नवीन डिस्कवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू (H2testw) नावाचं फुकट सॉफ्टवेअर आधी चालवा, ते अख्खी डिस्क भरून परत वाचून बघतं.

फॉरमॅट करणारा मुलगा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स तेवढं कॉपी करतो, बाकी त्याला काय माहीत! आपल्याकडे किती मंडळांच्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या आहेत, फॉन्ट नसेल तर ती फाईल उघडते पण त्यात नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्टचं फोल्डर बॅकअपमध्ये घ्यायला सांगा, टॅलीचा डेटा वेगळ्या ड्राईव्हवर असेल तर तो दाखवून द्या, आणि तो मुलगा घरात असतानाच दुसऱ्या एखाद्या मशीनवर चार फाईली उघडून बघा, मगच फॉरमॅटला हो म्हणा.

आपल्या पुरवणीत टॉप पाच हार्डडिस्कच्या याद्या येतात त्याऐवजी एकदा हे छापा ही विनंती. जाहिराती थोड्या रुसतील.

आपला,
एक वाचक, सहकारनगर

ता.क. : १ टीबीची डिस्क लावल्यावर ९३१ जीबी दिसली म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या.