कोळंबीचा नसलेला रकाना : मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या खात्याच्या कागदांवर कोळंबी भेटते ती टनांत. जाळ्यात येण्याआधी ती पाण्यात काय करत होती, याला रकाना नाही. हे पत्र त्याबद्दल आहे.

खारफुटीची गळलेली पाने सहसा मासे खात नाहीत. ती कुजतात, त्यांवर बुरशी आणि जिवाणू वाढतात, आणि तो चोथा कोळंबी खाते. तिला मासे, खेकडे, बगळे खातात. चिखलातला कचरा माशांच्या अंगी लागतो तो असा. समुद्रातल्या कोळंबीच्या अनेक जातींची पिल्ले खाडीत वाढून अंडी घालायला समुद्रात परततात, म्हणजे खाडीचे अन्न स्वतःच पोहत खोल पाण्यात जाते.

प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटाच्या डोंगरी ओढ्यांत कोळंबी दगडांवरचा गाळ साफ करते. तिची पिल्ले प्रवाहाबरोबर मचूळ पाण्यात उतरतात आणि वाढत वाढत पुन्हा वर चढतात. वाटेत उंच धरण आले की वरचा ओढा कोळंबीवाचून राहतो. तिथे शेवाळ आणि गाळ साचतो.

आता उलटी गोष्ट. अमेरिकेत मोंटानातल्या फ्लॅटहेड सरोवराच्या वरच्या तलावांत १९६८ ते १९७५ दरम्यान मायसिस नावाची बारीक कोळंबी सोडली गेली. (शास्त्राच्या हिशेबात ही खरी कोळंबी नव्हे, चुलत बहीण म्हणा.) हेतू चांगला होता : कोकनी माशांना खाद्य मिळावे. १९८१मध्ये ती वाहत फ्लॅटहेडमध्ये पोचली. पण मायसिस दिवसा तळाशी बसते, रात्री वर येते. कोकनी उजेडात, वरच्या पाण्यात खातो. दोघांची गाठच पडेना. उलट कोकनीचे खाद्य असलेले प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, तिनेच फस्त केले. लेक ट्राउट या शिकारी माशाच्या तळाशी वावरणाऱ्या पिल्लांना मात्र ती आयती मिळाली. ते माजले आणि त्यांनी कोकनीलाच खाल्ले. मॅकडॉनल्ड ओढ्यात विणीला येणारे कोकनी काही वर्षी लाखाच्या वर असत, १९८९मध्ये ५० उरले. त्यांच्यावर जगणारे गरुड १९८१मध्ये ६३९ मोजले होते, १९८९मध्ये २५.

म्हणून विनंती : धरणाच्या किंवा मत्स्यबीज सोडण्याच्या प्रत्येक प्रस्तावात इथली कोळंबी काय खाते आणि तिला कोण खाते, हे लेखी मागवा. उत्तर नसेल तर फाइल परत पाठवा. आणि पिल्ले वाढण्याच्या महिन्यांत खाडीतून बारीक आसाची जाळी उठवा.

आपला,
एक नागरिक