सर्व्हर डाउन नसतो, वाचणारा प्रोग्रॅम मागे पडलेला असतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

"पैसे कापले पण बुकिंग दिसेना", "कॅन्सल केलं तरी कन्फर्मचा मेसेज आला" अशी पत्रं तुमच्या सदरात सारखी येतात आणि त्याखाली कंपनीचा खुलासा ठरलेला, सर्व्हर डाउन होता. मी पुण्यात अशा बुकिंगच्या सिस्टिमवरच काम करतो, कंपनीचं नाव घेत नाही, नोकरी टिकवायचीय अजून, पण हा खुलासा वाचला की राहवत नाही. बऱ्याचदा सर्व्हर अगदी मजेत चालू असतो हो.

होतं काय, तुमचं बुकिंग मेन डेटाबेसमध्ये नीट पडलेलं असतं (आमच्याकडे ॲमेझॉनचा डायनॅमोडीबी आहे), पण मेसेज पाठवणारा, 'माझी बुकिंग्ज' दाखवणारा, हिशोब ठेवणारा असे प्रोग्रॅम वेगवेगळे, ते मेन टेबलला हात लावत नाहीत, टेबलात काय काय बदललं त्याची जी स्ट्रीम चालू असते ती वाचून आपापलं काम करतात. आणि ती सलग एक नसते, तिचे तुकडे असतात, शार्ड म्हणतात त्यांना. लोड वाढला की एका शार्डचे दोन होतात, एरवीही जुना बंद होऊन नवा सुरू होत राहतो. नियम एवढाच की जुना शार्ड शेवटपर्यंत वाचल्याशिवाय त्याच्यातून निघालेल्या नव्याला हात लावायचा नाही.

आमच्यातल्या एका अतिहुशार माणसाने, म्हणजे मीच तो, स्पीड वाढावा म्हणून सगळे शार्ड एकदम वाचायला घेतले. टेस्टिंगमध्ये काही झालं नाही कारण तिथे लोडच नव्हता, शार्ड फुटलाच नाही, तो फुटला गणपतीच्या गर्दीत. एका बाईंचं बुकिंग जुन्या शार्डमध्ये आणि कॅन्सल नव्यात. प्रोग्रॅमने आधी कॅन्सल वाचलं, असं बुकिंगच नाही म्हणून सोडून दिलं, मग मागाहून बुकिंग वाचलं आणि पाठवला मेसेज, तुमची सीट कन्फर्म! बाईंनी फोन केला तर उत्तर काय, सर्व्हर डाउन.

दुसरा किस्सा याहून वाईट. एका रेकॉर्डमध्ये मोबाईल नंबरचा रकाना रिकामा आला, प्रोग्रॅम तिथेच आपटला, उठला, परत तेच रेकॉर्ड, परत आपटला. त्या शार्डमधले मागचे सगळे खोळंबले आणि बाकीचे शार्ड पळतायत, म्हणून शेजाऱ्याचं बुकिंग दिसतं आणि तुमचं दिसत नाही. सीपीयू, मेमरी सगळं डॅशबोर्डवर हिरवंगार, त्यामुळे कोणाला पत्ताच नाही. डायनॅमोडीबीची स्ट्रीम फक्त 24 तासांचं ठेवते. अडकलं शनिवारी दुपारी, आम्ही बघितलं सोमवारी सकाळी दहाला, म्हणजे रविवारी सकाळी दहाच्या आधीचं पुसलेलं. मेन टेबलात नोंदी होत्या म्हणून वाचलो, पण सगळं टेबल पालथं घालून जुळवताना दोन दिवस गेले.

माझं म्हणणं एवढंच आहे की स्क्रीनवर 'ही माहिती अमुक वाजेपर्यंतची' असं लिहायला काय जातं? पासबुक भरून घेतलं की शेवटच्या एन्ट्रीची तारीख दिसते ना, तसं. गूगलच्या स्पॅनर या डेटाबेसमध्ये काही बदल झाला नसला तरी स्ट्रीममधून मधूनमधून हार्टबीट, म्हणजे 'या वेळेपर्यंतचं सगळं आलं' असा निरोप, येतो, त्यामुळे कुठवरचं वाचून झालं ते कळतं, डायनॅमोडीबीत ते आपलं आपण बांधावं लागतं, पण बांधता येतं. फक्त वेळ सगळ्यात मागे राहिलेल्या शार्डची धरायची, सरासरी काढायची नाही. सरासरी काढली की आकडा छान दिसतो म्हणून मॅनेजर लोकांना तीच आवडते, तो वेगळा विषय.

तेव्हा पुढच्या वेळी कंपनीचा खुलासा छापण्याआधी तुमच्या वार्ताहराने एकच विचारावं, तक्रार आली तेव्हा सगळ्यात मागचा शार्ड किती वाजेपर्यंत वाचून झाला होता?

आपला,
एक वाचक, पुणे