पेढा की बर्फी, आणि पुढचं

प्रिय ओम्या,

रविवारी फोनवर तू म्हणालास की मुक्ता बाळंतपणाला माहेरी नगरला गेली की तीन-चार महिने तुला मोकळे मिळतील, ऑफिसातलं सॉफ्टवेअरचं रिलीजही त्याच वेळेला आहे, बरंच जमून आलं. मी नुसतं हं हं केलं कारण आई समोर बसली होती आणि स्पीकर चालू होता. फोन ठेवल्यावर ती काही बोलली नाही, मेथी निवडत राहिली, पण निवडलेली पानं आणि काड्या एकाच ताटात टाकायला लागली तेव्हा कळलं की तिलाही लागलंय. म्हणून लिहितोय. मोबाइलवर टाईप करतोय, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर तिला दाखवू नको, रिटायर झाली तरी तिची लाल पेनाची सवय गेलेली नाही.

तुला माहितीये मी एकतीस वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. बी.ए.च्या पोरांना लेमास्टर्सचा १९५७ चा अभ्यास दरवर्षी सांगायचो. त्याने अमेरिकेत ४६ जोडप्यांना विचारलं की पहिलं मूल झाल्यावर कसं गेलं, त्यातल्या ३८ जोडप्यांनी सांगितलं की घरात मोठं संकटच आल्यासारखं झालं. मूल नकोसं होतं म्हणून नाही हं, हवं असलेलंच होतं. वर्ग हसायचा, मीही हसायचो, आणि स्वतःच्या घरात काय झालं ते मात्र मला फार उशिरा कळलं.

तू झालास १९९४ च्या एप्रिलमध्ये, बार्शीला. आई सातव्या महिन्यातच माहेरी गेली होती, मी साताऱ्यात. तार आली, नंतर शेजारच्यांकडे फोन आला, पण माझे युनिव्हर्सिटीचे पेपर तपासायचे राहिले होते म्हणून मी आलो ते थेट बाराव्या दिवशी, बारशाला. बाहेर सोप्यावर तुझ्या मामांबरोबर चहा पीत बसलो. आतल्या खोलीत बाळंतिणीची बाज, एप्रिलचा बार्शीचा उन्हाळा आणि त्यात ओवा-शेपाची धुरी, मला दहा मिनिटं आत नेलं, तुला दाखवलं, मी म्हटलं बाळ छान आहे, वजन किती? तुझी आई कशी आहे हे विचारायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने परत. ती त्या दिवशी दुपारभर रडत होती हे मला २०१५ साली कळलं, तेसुद्धा तुझ्या मावशीकडून.

आता रडण्याबिडण्यावर मी तुला लेक्चर देत नाहीये, मुद्दा वेगळाच आहे. तीन महिन्यांनी तुम्ही दोघं साताऱ्याला आलात तेव्हा तुझी आई या विषयात एम.ए. झालेली आणि मी बालवाडीत. कुठलं रडणं भुकेचं, कुठलं पोटदुखीचं, लंगोट कसा बांधायचा, दुपट्यात कसं गुंडाळायचं सगळं तिला हातचं. मी उचललं की तू रडायचास, मग ती म्हणायची द्या इकडे, आणि मी द्यायचो. पुढची कित्येक वर्षं मी तेच केलं, द्यायचो. मदत लागली तर सांग, असं म्हणणारा बाप झालो मी, आणि मला वाटायचं हा माझा मोठेपणा.

कॅलिफोर्नियात बर्कलीला फिलिप आणि कॅरोलिन कोवान म्हणून नवरा-बायको, दोघंही मानसशास्त्रज्ञ, त्यांना स्वतःला तीन मुलं आणि त्या वर्षांत त्यांच्याही संसाराची ओढाताण झालेली. त्यांनी १९७९ पासून ९६ जोडप्यांचा अभ्यास केला, काही मूल येणार असलेली, काही अजून न ठरलेली. त्यांना दिसलं ते हेच, की बाळ येण्याआधी जोडपी म्हणतात आम्ही अर्धं-अर्धं करणार, आणि बाळ आल्यावर कामाची वाटणी आजोबा-आजींच्या काळात जाऊन बसते. कुणी ठरवून करत नाही, आपोआप होतं, आणि भांडणंही मग त्याच्यावरूनच.

पण मला त्यातली खरी गंमत रिटायर झाल्यावर परत वाचताना लागली. यातल्या काही जोडप्यांचे त्यांनी छोटे गट केले होते, आठवड्यातून एकदा एकत्र बसून बोलायचं, शेवटचे तीन महिने गरोदरपणाचे आणि पहिले तीन महिने बाळाचे. गटात बसलेल्यांचं एकमेकांबद्दलचं समाधान बाकीच्यांइतकं घसरलं नाही. आता महिने मोज. सातव्यापासून बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत. बरोब्बर याच सहा महिन्यांत आपल्याकडे नवरा एका गावात आणि बायको दुसऱ्या गावात!

माहेर वाईट असं मी म्हणत नाहीये, आई माझा गळा धरेल. पहिलटकरणीला स्वतःची आई जवळ हवी, आयता डिंकाचा लाडू हवा, दुपारी कुणी न उठवता झोप हवी, आणि सासरी ती कशी मिळते ते मला माहितीये. मुक्ताने जावंच. पण माहेरी ती जाते म्हणून तुला सुट्टी, हे कुठे लिहिलंय? पुणे-नगर म्हणजे काय अमेरिका नाही. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, शनिवारची रात्र बाळ तुझ्याकडे घ्यायचं, सासूबाई नको नको म्हणतील, जावयाने शी काढायची म्हणजे त्यांना कसंतरी होईल, दोन वेळा संकोचतील, तिसऱ्या वेळी झोपायला जातील. आंघोळ घालणाऱ्या बाई येतील त्यांच्याकडून शिकून घे, नुसता व्हिडिओ काढत उभा राहू नको.

आणि पोर झालं की माणूस आपोआप सुधारतो यावर विसंबू नको. आपल्याकडे लग्न केलं की सुधारेल, मग मूल झालं की सुधारेल अशी चालढकल पिढ्यान्‌पिढ्या चाललीये. ऑस्ट्रेलियात एका मोठ्या सर्व्हेच्या डेटावर २०१६ साली हेच तपासलं, आई-बाप झाल्यावर माणसाच्या स्वभावात जबाबदारपणा, शांतपणा वाढतो का, तसं काही हाती लागलं नाही. तू आज ज्या वस्तू जागेवर ठेवत नाहीस त्या बाळ आल्यावरही ठेवणार नाहीस, हे माझं नाही, सायन्सचं म्हणणं. (बरंचसं माझंच.)

आणखी एक. डोहाळजेवणाला मुक्ताने वाटी उचलली आणि खाली बर्फी निघाली तेव्हा एका बाईंचा चेहरा पडला, असू दे पहिली बेटी धनाची पेटी वगैरे सुरू झालं. तू हसण्यावारी नेलंस, पण मी मुक्ताकडे बघत होतो, ती नाही हसली. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्हा हॉस्पिटलमध्ये आलेल्या गरोदर बायकांचा पाठपुरावा केला, २००२ साली छापून आलाय. बाळ सहा ते आठ आठवड्यांचं असताना ५९ जणी, म्हणजे २३ टक्के, डिप्रेशनमध्ये होत्या. त्यातल्या ७८ टक्के बायकांना त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता. कारणांत गरिबी होती, नवऱ्याशी पटत नसणं होतं, मारहाण होती, आणि मुलगी होणं पण होतं, विशेषतः मुलगा हवा असताना. हॉर्मोन्सवर ढकलून मोकळं होता येणार नाही असं हे सगळं आहे. तर पुढच्या वेळी असं कुणी बोललं की तिथल्या तिथे तू बोल, मुक्ताला बोलायला लागू नये. आणि ती गप्प गप्प वाटली, झोप असून झोपेना, बाळाकडे बघावंसं वाटेना असं झालं तर बाळंतपणात होतंच असं म्हणून सोडू नको, डॉक्टरांना सांग. तुझंही बघ. २०१० साली बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली त्यात बापांपैकी साधारण दहातल्या एकाला डिप्रेशन निघालं, आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना सगळ्यात जास्त. पुरुष ते ऑफिसच्या नावावर खपवतात. मी बुद्धिबळाच्या नावावर खपवलं, रात्री दहापर्यंत क्लबात.

आता सगळंच काळं नाही. सिएटलला गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या टीमने नवीन लग्न झालेल्यांना पुढे काही वर्षं पाहिलं, मूल झाल्यावर ६७ टक्के बायकांचं संसारातलं समाधान घसरलं, पण ३३ टक्क्यांचं नाही घसरलं, काहींचं तर वाढलं. या ३३ टक्क्यांत वेगळं काय होतं तर मोठं काही नाही. लग्नानंतर काही महिन्यांतच दोघांना बसवून विचारलं होतं, तुम्ही भेटलात कसे, सुरुवातीचे दिवस कसे होते. जो नवरा बायकोबद्दल मायेने बोलला, तिच्या दिवसात काय चाललंय हे ज्याला ठाऊक होतं, त्याच्या घरी नंतर पडझड कमी. जो तेव्हाच कुरकुरत होता त्याच्या घरी जास्त.

मी हे आईला वाचून दाखवलं आणि म्हटलं विचार मला, आपण भेटलो कसे. मी सांगायला लागलो, कांदेपोहे, तुझ्या आजोबांचं घर, लाइट गेलेले. ती म्हणाली लाइट नव्हते गेले, तुम्ही मान वर करून बघितलंच नाही.

मग आम्ही ते कोवान नवरा-बायकोंचं वर्तुळ काढलं. ते जोडप्यांना एक वर्तुळ द्यायचे आणि सांगायचे की आत्ता तुम्ही कोण कोण आहात त्याचे तुकडे करा, जेवढं जास्त वाटतं तेवढा मोठा तुकडा. बाळ सहा महिन्यांचं असताना बायकांचा आईपणाचा तुकडा वर्तुळाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा व्हायचा, पुरुषांचा बापाचा तुकडा वाढायचा पण त्यामानाने बारकाच, आणि नवरा-बायको म्हणून असलेला तुकडा दोघांचाही आकसायचा, बाईचा जास्त. आईने कालनिर्णयच्या जुन्या पानामागे आमटीची वाटी पालथी घालून वर्तुळ काढलं, म्हणाली १९९४ चं काढते. आई, सून, शिक्षिका, परत सून. एक पातळशी चीर राहिली. मी विचारलं ही मी का? ती म्हणाली नाही, ही झोप. मग बराच वेळ पेन्सिल धरून बसली आणि म्हणाली तुम्हाला कुठे बसवू तेच कळत नाही, शिक्षिकेतनं थोडं काढते.

आत्ताचं काढ म्हटलं तर उठून गेली, गॅसवर दूध होतं. पण आत्ता बरं चाललंय आमचं. मिल्स कॉलेजात शिकलेल्या बायकांचा अठरा वर्षांचा अभ्यास आहे कॅलिफोर्नियातलाच, २००८ चा, की मुलं घराबाहेर पडल्यावर नवऱ्याबरोबरचं समाधान वाढतं, आणि वेळ जास्त मिळतो म्हणून नाही, तर असलेला वेळ चांगला जातो म्हणून. तू पुण्याला गेलास तेव्हा मला वाटलं घर खायला उठेल. उठलं थोडे दिवस. आता सकाळी कट्ट्यावर चहा घेतो, ती शब्दकोडं सोडवते, मी चुकीचे शब्द सुचवतो. एवढं व्हायला आम्हाला वीस वर्षं लागली.

मुक्ताला वर्तुळाचं सांग, पण तुझं आधी काढ आणि तिचं बघायच्या आधी तिचं कसं असेल तेही एका कागदावर काढून ठेव. आम्ही सोळा तारखेला येतोय पुण्याला, आई डिंकाचं सामान घेऊन येणार आहे, सांगायचं नव्हतं पण सांगतो.

तुझा,
बाबा

ता.क. आईने हे वाचलं. शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत म्हणाली आणि बार्शीला मी दहा नाही, पाचच मिनिटं आत होतो म्हणाली.