किल्ला सगळे पाहतात, गोदी कोण पाहतं?

संपादक महोदय,

मराठा आरमाराचा विषय निघाला की विजयदुर्गाचे बुरूज आणि कान्होजी आंग्रे यांच्यावर रकाने भरतात. भरावेतच. पण होड्या बांधण्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्या सुताराला वेगळंच कुतूहल असतं: आरमाराची तरांडी, म्हणजे जहाजं, दुरुस्त कुठे व्हायची?

किल्ल्यापासून वाघोटन खाडीत थोडं आत, गिर्ये-रामेश्वर परिसरात, आरमाराची गोदी आहे. खडक फोडून केलेली. ज्याने जागा हेरली तो दर्यावर्दी असणार. तोंडाशी किल्ल्याचा पहारा, आत लाटांचा मार नाही. उधाणाच्या भरतीला जहाज आत घ्यायचं. ओहोटीला बूड उघडं पडलं की चिकटलेली कालवं खरवडायची, फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासायचा, वर चुना-तेलाचा लेप. लाकूड पोखरणाऱ्या किड्यावर तेव्हा हाच इलाज.

गुराब हे मोठं लढाऊ जहाज; तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, निमुळती, म्हणून नाकासमोर तोफा डागता येत. गलबत हलकं; वारा पडला तरी वल्ह्यांवर पळायचं. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांच्या हल्ल्यात तुळाजी आंग्र्यांचं आरमार याच बंदरात जळालं. आणि 1783 मध्ये पेशव्यांचे आरमारप्रमुख आनंदराव धुळप यांच्या आरमाराने इंग्रजांचं ‘रेंजर’ जहाज धरून आणलं! मधल्या काळात नवी जहाजं काही समुद्रातून उगवली नाहीत. कुणीतरी सागवान पारखलं, झाडाचा नैसर्गिक बाक बघून फासळी काढली. धुळपांचं नाव राहिलं, त्या सुतारांचं नाही. सुरतेहून 1736 साली मुंबईला आलेल्या जहाजबांधणीकार लवजी वाडियांचं नाव मात्र टिकलं. त्यांच्या घराण्याने 1817 मध्ये मुंबईत बांधलेलं सागवानी ‘त्रिंकोमाली’ जहाज इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. आपल्याकडे पर्यटक किल्ला बघून मासे खातात आणि परततात.

आमच्या धंद्यात कागदावर नकाशा नसे. माप हातात, अंदाज डोळ्यांत. फायबरच्या होड्या आल्यावर पोरांनी लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला, त्यांना दोष देत नाही. पोट कुणाला सुटलंय? पण गोदीची नीट मोजणी आणि जुन्या सुतारांकडून माहिती टिपून घेणं, ही दोन कामं एकत्रच व्हावीत. अभ्यासकांनी टेप घेऊन जाताना होडी बांधणारा एक म्हातारा सोबत न्यावा. टेकू कुठे लागत असतील, दोर कुठून ओढला असेल, हे तो जागा बघून सांगेल. त्याच्या दिवसाची मजुरी तेवढी द्या.

— एक निवृत्त होडी-सुतार