आधी चाळीस तास उडू द्या

महोदय,

बारावीचे निकाल लागले की करिअरच्या पानांवर 'वैमानिक व्हा' हा लेख येतोच. यंदा आपल्याही पुरवणीत आला. पात्रता, फी, बँकेचं कर्ज, विमान कंपन्यांतला पगार असं सगळं त्यात होतं. पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचा परवाना, हा शब्द मात्र अख्ख्या लेखात एकदाही सापडला नाही. तेवढ्यासाठी हे पत्र.

मी वैमानिक नाही. एकतीस वर्षं उड्डाण शिकवणाऱ्या संस्थांत लहान विमानांची देखभाल केली. हे विमान आज उडायच्या लायकीचं आहे, अशी सही करणारा माणूस मी होतो. त्या सहीवर शेकडो मुलं आकाशात गेली आणि सुखरूप उतरली. त्यांचे आईवडील हँगरबाहेर, म्हणजे विमानांच्या शेडबाहेर, पिशव्या घेऊन बसलेलेही मी पाहिलेत, म्हणून गप्प बसवत नाही.

पीपीएलला सतरा वर्षं पूर्ण, दहावी पास, दुसऱ्या वर्गाची वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. नोकरीसाठीच्या सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला, २०० तास लागतात, शिवाय पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी. खासगी परवान्यावर पैसे घेऊन कुणाला नेता येत नाही, पण आईला शेजारी बसवून फिरवून आणता येतं. आणि हे ४० तास वाया जात नाहीत, पुढच्या दोनशेत धरले जातात. आपल्या पोराला उडणं झेपतं का, आवडतं का, हे पाचव्या हिश्शात कळतं. मग घरातून थेट दोनशे तासांचं कर्ज का काढायला लावायचं?

एक मुलगा कधीच विसरणार नाही. माण तालुक्यातला, वडिलांची डाळिंबाची बाग. जमीन तारण ठेवून त्यांनी पूर्ण फी एकरकमी भरली. संस्थेचं नाव मी घेत नाही. तेव्हा आमच्याकडे तीन विमानं होती. एकाच्या इंजिनाचे मोठ्या दुरुस्तीआधीचे ठरलेले तास भरलेले, दुसऱ्याच्या सिलिंडरला तडा, आणि सुटा भाग परदेशातून यायचा होता. उरलेल्या एका विमानावर एकोणीस मुलं. त्या पोराच्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणाच्या नोंदवहीत, चौदा महिन्यांत एकतीस तास लागले. हाताला बसलेलं लँडिंग महिनाभर विमान मिळालं नाही की सुटतं, मग पुढचे दोन-तीन तास तेच परत शिकण्यात जातात. आणि तेही पालकांच्याच पैशांतून. वडील महिन्यातून एकदा डबा घेऊन यायचे आणि मलाच विचारायचे, "साहेब, पोराचं विमान कधी सुरू व्हायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तडा गेलेल्या सिलिंडरवर मी सही करणार नव्हतो, आणि त्यांचे पैसे परत देणंही माझ्या हातात नव्हतं.

त्या मुलानं आधी फक्त चाळीस तासांचे पैसे भरले असते, तेही जसजसे तास होतील तसतसे, तर घर एवढं अडकलं नसतं. पालकांनी फी भरण्यापूर्वी पोराची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. रंग नीट ओळखता येत नाहीत हे पैसे भरल्यावर कळण्यासारखं दुःख नाही. संस्थेत गेल्यावर ऑफिसातल्या सोफ्यावर बसू नये, हँगरमध्ये जावं आणि आज किती विमानं उडाली ते विचारावं. 'आमच्याकडे इतकी विमानं आहेत' या उत्तरावर समाधान मानू नये. डीजीसीए, म्हणजे केंद्राचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणी जाहीर करतं, तीही पाहावी. पण हँगर पाहावाच.

खासगी परवाना म्हणजे श्रीमंतांची हौस, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. या देशातला पहिला वैमानिक परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना मिळाला, तो हौसेतूनच. त्याच वर्षी आगाखानांनी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधलं अंतर एकट्यानं उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला बक्षीस ठेवलं. १९३० मध्ये जेआरडी कराचीहून निघाले होते, अस्पी इंजिनियर नावाचा तरुण इंग्लंडहून समोरून येत होता. इजिप्तमधल्या अबुकीरला अस्पींचं विमान स्पार्क प्लगपायी अडकलं. जेआरडींनी जवळचा प्लग काढून दिला आणि शर्यत अस्पींनी जिंकली. हेच अस्पी पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले. मी आयुष्यभर प्लगवरची काजळी साफ केली, त्यामुळे ही गोष्ट सांगताना आजही ऊर भरून येतो. १९३२ साली कराचीहून टपाल घेऊन जुहूला जेआरडी स्वतः उतरले, आणि पुढे एअर इंडिया झाली. हौसेतून काय उभं राहतं ते आपल्यासमोर आहे.

स्वतःचं विमान असलेले लोकही मी जवळून पाहिलेत. एका डॉक्टरांचं सेसना १५२ मी नऊ वर्षं सांभाळलं. दोन जणांचं, चाळिशी ओलांडलेलं विमान. डॉक्टर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी उडायला शिकले. सकाळी टाकीच्या तळाचा ड्रेन दाबून पारदर्शक नळीत इंधन घ्यायचे आणि उजेडात धरायचे. अॅव्हगॅस, म्हणजे लहान विमानांचं पेट्रोल, निळसर असतं. त्यात पाणी असलं तर तळाशी बिनरंगी थेंब लोळताना दिसतो. थेंब दिसला की ओतून पुन्हा घ्यायचे, पुन्हा पाहायचे. घाई कधीच नाही. दर पन्नास तासांनी तेलाचा फिल्टर मी कापून उलगडायचो, तेव्हा घड्यांमध्ये धातूचा कण शोधायला तेही भिंग घेऊन बसायचे. विमान विकत घेणं त्यांना जमलं. जड गेलं ते ठेवणं. जवळ हँगर नाही, इंधन लांबून पिंपातून आणायचं. पावसाळ्यात विमान उभं राहिलं की इंजिनाला आतून गंज धरतो, चालत्या इंजिनापेक्षा उभं इंजिन लवकर मरतं. शेवटी त्यांनी तीन मित्रांना भागीदार करून घेतलं, तेव्हा कुठे ते नियमित उडायला लागलं. आज खासगी वापराच्या विमानावर ४० टक्के जीएसटी आहे. कोट्यवधींचं जेट आणि चौघांनी मिळून घेतलेलं दोन आसनी विमान एकाच मापानं मोजणं मला अन्यायाचं वाटतं.

माझ्या कराडचंच बघा. इथली धावपट्टी १९५० च्या दशकात कोयना प्रकल्पासाठी बांधली. लांबी सुमारे १,२८० मीटर. विस्ताराचा विषय निघाला की शेतकरी जमिनीसाठी उभे राहतात, आणि त्यांचं बरोबर आहे. बागायती जमीन पुन्हा मिळत नाही. पण सेसना १५२ला जमीन सोडून झाडांच्या वर जायला उन्हाळ्यातही पाचशे-सहाशे मीटर पुरतात. एक गुंठाही नवीन जमीन नको. एक हँगर, इंधनाची परवानगी, एक शिक्षक आणि तासावर पैसे घेणारा छोटा क्लब एवढं झालं, तर सातारा-सांगलीच्या पोरांना घराजवळ उडायला शिकता येईल. राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत अशा धावपट्ट्या आहेत. मंत्र्यांच्या दौऱ्याला त्या झाडून घेतल्या जातात. रविवारी सकाळी त्या मुलांसाठी उघडाव्यात, ही सरकारला कळकळीची विनंती.

आणि आपल्याला विनंती ही, की पुढच्या वर्षीच्या लेखात पीपीएलची एक चौकट द्यावी. मजकूर मी लिहून देईन. प्रवेश घेण्याआधी ज्या पालकांना संस्थेचं लॉगबुक कसं वाचायचं आणि हँगरमध्ये काय पाहायचं हे समजून घ्यायचं असेल, त्यांनी आपल्या कार्यालयाकडून माझा पत्ता घ्यावा. रविवारी मी घरीच असतो. येताना पोराला बरोबर आणावं.

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता, कराड