बाई, त्या दोन दुपारांसाठी

आदरणीय बाई,
सा. न.

समोर बसून बोलले असते तर 'पुरे गं' म्हणत तुम्ही चहा टाकायला उठला असतात, म्हणून चार लोकांदेखत लिहितेय.

ज्या लातुरात बाहेरगावची पोरं खोल्या करून शिकायला राहतात, तिथं मी आठ वर्षांच्या लेकराला घरी शिकवायला काढलं. नातेवाईक काय काय बोलले ते सोडा. खरा घोळ घरातच होता. आधी मी शाळाच घरी आणली. वेळापत्रक, ४० मिनिटांचा तास, घंटेच्या जागी ताट. मग मॉन्टेसरीचं साहित्य मागवलं. त्या पद्धतीत साहित्य दाखवून झालं की मोठ्या माणसानं गप्प राहून लेकराकडं बघायचं असतं. मी आणि गप्प! शेवटी 'कर तुझ्या मनासारखं' म्हणून मोकळं सोडलं, तर त्याच्या हाती मोबाइल आणि माझ्या डोळ्याला पदर.

तुम्ही दोन दुपारी कोपऱ्यात वही घेऊन बसलात. एक शब्द नाही. (मला वाटलं, भिशीचा हिशोब मांडताय.) जाताना वही पुढं केलीत: तो १४ वेळा उठला, माझा आवाज १९ वेळा चढला. मी खजील. तुम्ही म्हणालात, "त्याचं राहू दे. तुला कशाचा कंटाळा येत नाही?"

वाचून दाखवायचा. आणि शिवणाचा.

मग तुम्ही शार्लट मेसन या इंग्रज बाईंची रीत सांगितलीत. धडा छोटा, पंधरा-वीस मिनिटांचा. एकदाच वाचायचं, आणि लेकरानं ते आपल्या शब्दांत सांगायचं. प्रश्नोत्तरं नाहीत. उभं राहून, उड्या मारत सांगितलं तरी चालतं, हे ऐकून आमचा गडी खूश. दुसऱ्या पद्धती वाईट होत्या असं नाही. त्या माझ्या अंगाला बसत नव्हत्या. दुसऱ्यांची मापं घेऊन कपडे बेतणाऱ्या मला हे कळू नये?

परवा अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांचं वाचलं. पासोडीवर, म्हणजे जाड पांघरुणाच्या कापडावर, त्यांनी 'पंचीकरण' हा ग्रंथ लिहिला, ती सुमारे ४० फूट लांब. वाचून झाल्यावर हा सांगतो, "दासोपंतांची वही पांघरायची होती." मग विचारतो, ४० फूट म्हणजे केवढं? मी टेप दिला. सासूबाईंनी, ज्या सहा महिने या प्रकरणावर माझ्याशी धड बोलत नव्हत्या, त्यांनी ट्रंकेतून नऊवारी काढली. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं त्याच्या. २७ फूट भरली. "म्हणजे दीड लुगडं!" हे त्यानंच काढलं. अपूर्णांक मी अजून शिकवलेलेच नाहीत.

तेराचा पाढा मात्र अजून अडतोय. आणि राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा देता येते, हे तुम्ही मामंजींना समजावलंत, तेव्हापासून घरात 'पुढं काय' हा विषय निघत नाही. त्याचेही आभार.

सासूबाई विचारतायत, बाई परत कधी येणार? या. वही तेवढी घरी ठेवून या.

तुमची,
शिवणवाली